चर्चा चिपची, अडचण पेन्सिलची : कोथरूडच्या एका चित्रवर्गाची टॅब्लेट-खरेदी

कोथरूडमध्ये एक जोडपं बऱ्याच वर्षांपासून चित्रकला आणि सुलेखनाचे वर्ग चालवतं. ताई रेखाटन आणि सुलेखन शिकवतात, त्यांचे यजमान (वर्गात सगळे त्यांना सर म्हणतात) ॲनिमेशन शिकवतात. एलिमेंटरी-इंटरमीजिएटला बसणारी शाळकरी मुलं, कला महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी चित्रांची फाइल तयार करणारी मुलं आणि संध्याकाळी नोकरी आटोपून बोरू हातात धरणारी मोठी माणसं असा तिथला राबता. २०२४च्या पावसाळ्यात दोघांनी ठरवलं की पुढच्या एप्रिलच्या उन्हाळी वर्गापासून डिजिटल चित्रकलेची तुकडी सुरू करायची. हिशोब सरळ होता. दहा मुलं, दहा टॅब्लेट, दहा पेन्सिली आणि सहकारी बँकेकडून साडेचार लाखांचं कर्ज. खरेदीचा सल्ला देण्याचं काम माझ्याकडे आलं. वर्गाचं नाव घालायचं नाही या अटीवर दोघांनी हे सगळं लिहायला परवानगी दिली आहे.

प्रकरण नोंदवून ठेवण्याजोगं आहे, कारण दिवाळीपासून होळीपर्यंत या खरेदीची चर्चा एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली. येऊ घातलेल्या आयपॅडमध्ये प्रोसेसर कुठला असणार? लहान वर्ग, स्टुडिओ, शाळा चालवणारे अनेक जण दरवर्षी याच जागी अडकतात, आणि ते अडाणी असतात म्हणून अडकत नाहीत. इथली माणसंही चांगली माहितगार होती.

दिवाळीतला पेच

२०२४च्या दिवाळीत बाजारात होता तो दहाव्या पिढीचा आयपॅड. ऑक्टोबर २०२२मध्ये आलेला, आत ए१४ चिप (ॲपलच्या प्रोसेसरना असे क्रमांक असतात, आकडा मोठा तितकी चिप नवी), साठवण ६४ जीबी. भारतात तो ४४,९०० रुपयांना आला होता, मे २०२४मध्ये ३४,९०० वर उतरला आणि दिवाळीत दुकानं त्याहूनही खाली यायला तयार होती. सर कर्वे रस्त्यावरच्या एका दुकानात चौकशी करून आले. तिथल्या माणसानं दहा नगांचा भाव काढून दिला आणि वर प्रामाणिकपणे सांगितलं, "सर, मी विकायला बसलोय, पण खरं सांगतो, नवीन येतोय. ए१७ प्रो टाकणार म्हणतायत. थांबता येत असेल तर थांबा."

घरी आल्यावर वर्गाच्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन झाला. हा मुलगा हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये काम करतो आणि या बातम्या बारकाईनं वाचतो. त्यानंही तेच सांगितलं. "ताई, आत्ता घेऊ नका. येणाऱ्या आयपॅडमध्ये आठ जीबी मेमरी असेल. जुना घेतलात तर एआयचं काहीच चालणार नाही."

थांबायचं ठरलं. माझं मत तेव्हाही थांबा असंच होतं, पण कारण वेगळं होतं. तुकडी एप्रिलमध्ये सुरू होणार होती. नोव्हेंबरात घेतलेले टॅब्लेट पाच महिने कपाटात राहिले असते आणि कर्जाचे हप्ते मात्र डिसेंबरपासून सुरू झाले असते. हे कारण कोणत्याही अफवेवर अवलंबून नव्हतं. पण घरात ते कुणाला महत्त्वाचं वाटेना. "ए१७ प्रोसाठी थांबलोय" असंच सगळीकडे सांगितलं गेलं, आणि एकदा तसं सांगितल्यावर खरेदीचं यश-अपयशही त्याच चिपवर मोजलं जाऊ लागलं.

अफवा कशी उभी राहिली

ही अफवा हवेतून आलेली नव्हती. तिच्यामागे चांगला तर्क होता, म्हणून तो नीट उलगडून पाहायला हवा.

जून २०२४मध्ये ॲपलनं आपल्या एआय सुविधा ॲपल इंटेलिजन्स या नावानं जाहीर केल्या आणि त्यांची सीमारेषाही आखून दिली. आयफोनमध्ये किमान ए१७ प्रो, आयपॅड आणि मॅकमध्ये किमान एम१ (एम ही ॲपलच्या संगणकांतल्या आणि महाग टॅब्लेटमधल्या चिपची मालिका). त्यामुळे आयफोन १५ प्रोवर त्या चालणार होत्या, पण ए१६ आणि सहा जीबी मेमरी असलेल्या साध्या आयफोन १५वर नाही. आठ जीबी मेमरी (काम चालू असताना यंत्र वापरतं ती जागा, साठवण वेगळी) ही जणू प्रवेशाची अट ठरली. सप्टेंबर २०२४मध्ये आयफोन १६ मालिकेतल्या सगळ्या फोनना आठ जीबी मिळाली. १५ ऑक्टोबरला, म्हणजे धनत्रयोदशीच्या दोन आठवडे आधी, नवा आयपॅड मिनी जाहीर झाला आणि त्यात ए१७ प्रो होता. ऑक्टोबरअखेर मॅकची किमान मेमरी सोळा जीबी झाली. जानेवारी २०२५मध्ये ब्लूमबर्ग वृत्तसंस्थेचे बातमीदार मार्क गुरमन यांनी साध्या आयपॅडच्या पुढच्या आवृत्तीत ए१७ प्रो आणि आठ जीबी असेल असं लिहिलं. १९ फेब्रुवारीला तुलनेनं स्वस्त आयफोन १६ई आला, त्यातही ए१८. रांगेत आता एकच यंत्र उरलं होतं, साधा आयपॅड. कंपनी आपल्या सर्वात गाजवलेल्या सुविधेतून आपला सर्वात स्वस्त टॅब्लेट का वगळेल? हिंजवडीच्या मुलाचा युक्तिवाद हाच होता, आणि तो ऐकायला अगदी बिनतोड वाटायचा.

पण या तर्कात कंपनीला काय हवं असेल याचा विचार होता, कंपनी हा टॅब्लेट कुठल्या भावाला विकते याचा नव्हता. तो दुसरा विचार करायला गुप्त माहितीची गरज नव्हती. साध्या आयपॅडचा इतिहास सगळ्यांसमोर उघडा होता. २०१७च्या पाचव्या पिढीत ए९ होता, जो फोनमध्ये २०१५ला आलेला. २०१८च्या सहाव्या पिढीत २०१६चा ए१० फ्यूजन. २०१९च्या सातव्या पिढीत पुन्हा तोच ए१०, म्हणजे तीन वर्षं जुना. २०२०ला ए१२, मूळ २०१८चा. २०२१ला ए१३, मूळ २०१९चा. २०२२ला ए१४, मूळ २०२०चा. २०१९पासूनच्या चार पिढ्यांत या टॅब्लेटमध्ये दोन वर्षांहून ताजी चिप एकदाही बसली नव्हती. ए१७ प्रो फोनमध्ये आला सप्टेंबर २०२३मध्ये. मार्च २०२५ला तो जेमतेम दीड वर्षाचा होणार होता. सप्टेंबर २०२२चा ए१६ मात्र या रांगेत अलगद बसत होता.

जानेवारीत ही यादी मी सरांसमोर ठेवली. ए१६ येईलच असा माझा दावा नव्हता, कारण कंपन्या आपलीच प्रथा मोडतात आणि एआयची अट हे मोडण्याचं सबळ कारण होतं. माझं म्हणणं इतकंच होतं की दोन्ही शक्यता धरून हिशोब करा. सरांनी यादी लक्ष देऊन पाहिली. त्या मुलानंही पाहिली आणि म्हणाला, "सर, हे बरोबर आहे, पण तेव्हा एआय नव्हतं ना." त्या वेळी याला माझ्याकडेही उत्तर नव्हतं.

प्रोसेसरच्या अफवांचा एकूण इतिहासही पाहण्यासारखा आहे. २००८मध्ये ॲपलनं पी.ए. सेमी ही चिप बनवणारी कंपनी घेतली, तेव्हापासून येणाऱ्या टॅब्लेटमध्ये काय असेल यावर तर्क सुरू होते. कुणी इंटेलचा ॲटम म्हणत होतं, कुणी अनेक कोअरचा (कोअर म्हणजे चिपमधला आकडेमोड करणारा भाग) कॉर्टेक्स-ए९. २७ जानेवारी २०१० रोजी पहिला आयपॅड दाखवला गेला, त्यात ए४ होता. एकच कोअर, कॉर्टेक्स-ए८ जातीचा, वेग एक गिगाहर्ट्झ. मार्च २०१२च्या तिसऱ्या आयपॅडबद्दल चार कोअरच्या ए६ची चर्चा होती. प्रत्यक्षात आला ए५एक्स, ज्यात मुख्य कोअर दोनच होते आणि चार होते ते ग्राफिक्सचे. "चार" हा आकडा कुठून आला असेल ते त्यावरून कळतं. बातमीत थोडं सत्य होतं, पण ते भलत्या खान्यात भरलं गेलं होतं. मे २०२४च्या आयपॅड प्रोची गंमत उलटी. महिनोन्‌महिने सगळे एम३ धरून चालले होते. अगदी शेवटच्या दिवसांत गुरमन यांनी एम४ची शक्यता वर्तवली, ती बऱ्याच जणांना पटली नाही, आणि ७ मे रोजी एम४च आला. म्हणजे जाणकार बातमीदार दरवेळी चुकतो असंही नाही. २०२४मध्ये ज्यांचं बरोबर निघालं, त्यांचंच २०२५मध्ये चुकलं. बातमीदाराच्या आधीच्या लौकिकावर पुढच्या खरेदीचे साडेचार लाख लावता येत नाहीत.

४ मार्च २०२५

त्या दिवशी ॲपलनं दोन टॅब्लेट जाहीर केले. आयपॅड एअरमध्ये एम३ आणि साध्या आयपॅडमध्ये ए१६. मेमरी सहा जीबी निघाली. ॲपल इंटेलिजन्स नाही. शिवाय हा ए१६ आयफोन १४ प्रोमधल्यासारखा पुरा नव्हता. तिथे मुख्य सहा आणि ग्राफिक्सचे पाच कोअर होते, इथे पाच आणि चार. चिप तयार होताना एखादा कोअर सदोष निघाला, तर तो बंद करून बाकीची चिप स्वस्त यंत्रात वापरण्याची पद्धत या उद्योगात जुनी आहे. आयपॅड मिनीमधल्या ए१७ प्रोतही ग्राफिक्सचा एक कोअर कमी आहेच. ॲपलनं कारण सांगितलेलं नाही, पण मला वाटतं गणित भावाचं होतं. अमेरिकेत ३४९ डॉलर आणि भारतात ३४,९०० रुपये हा भाव तोच ठेवायचा, साठवण ६४वरून १२८ जीबी करायची, तर ए१७ प्रोसारखी तीन नॅनोमीटरची चिप आणि आठ जीबी मेमरी त्यात बसवणं अवघड होतं.

कोथरूडमध्ये त्या रात्री सर खट्टू झाले होते. "चार महिने थांबलो आणि मिळालं काय, अडीच वर्षं जुनी चिप," असं ते म्हणाले. त्यांनी लगेच दोन पर्याय मांडले. एक, पैसे वाढवून मिनी घ्यायचा, कारण त्यात ए१७ प्रो आहे. दुसरा, आणखी वर्षभर थांबायचं, पुढच्यात नक्की येईल.

त्यांच्या निराशेशी मी सहमत नव्हतो. दिवाळीत घेतला असता तो ए१४, चार जीबी मेमरी आणि ६४ जीबी साठवण असलेला टॅब्लेट आता त्याच छापील किमतीत ए१६, सहा जीबी आणि १२८ जीबी देत होता. मधल्या काळात व्याज गेलं नव्हतं. थांबण्याचा निर्णय फायद्याचा ठरला होता. फक्त ज्यासाठी थांबलो असं ते समजत होते, ती गोष्ट मिळाली नव्हती.

आणि ती गोष्ट त्यांना हवी तरी कशाला होती? हा प्रश्न त्या घरात पहिल्यांदा ताईंनी विचारला. "मुलांनी चित्र काढायला शिकायचंय. मशीननं काढून दिलेलं चित्र मला वर्गात दाखवायचंच नाहीये." शिवाय ॲपल इंटेलिजन्स तेव्हा भारतीय इंग्रजीत यायचं होतं, ते ३१ मार्चला आलं, आणि त्यात मराठी नव्हतीच. ए१७ प्रोचं बाकीचं सामर्थ्य, म्हणजे खेळांतल्या प्रकाशकिरणांची हार्डवेअरमधली गणितं, एव्ही१ प्रकारचे व्हिडिओ उलगडण्याची सोय, चित्रवर्गाच्या रोजच्या कामात कुठेच लागत नाही.

एक गोष्ट मात्र लागते, आणि त्याबाबत त्या हिंजवडीच्या मुलाचा आग्रह रास्त होता. ती म्हणजे मेमरी. वर्गात प्रोक्रिएट हे चित्रकलेचं ॲप वापरायचं ठरलं होतं. त्यात एका चित्रात किती लेअर (एकावर एक रचलेले सुटे थर) ठेवता येतील हे कॅनव्हासचा आकार आणि यंत्राची मेमरी यांवर ठरतं. मोठ्या पोस्टरच्या आकारात काम केलं की लेअर भराभर संपतात. आठ जीबी असती तर उपयोग नक्की झाला असता. पण अफवांच्या मथळ्यात चिपचं नाव वर असतं आणि मेमरी कुठेतरी तिसऱ्या ओळीत.

पेन्सिलीचा प्रश्न

खरी अडचण त्यानंतर समोर आली, आणि इतक्या महिन्यांच्या चर्चेत तिचा उल्लेखही झाला नव्हता.

साध्या आयपॅडवर, दहाव्या पिढीच्या आणि या नव्या ए१६च्याही, दोनच ॲपल पेन्सिली चालतात. एक २०१५ची पहिल्या पिढीची, दुसरी २०२३ला आलेली यूएसबी-सीची. तेव्हा दुसरी ७,९०० रुपयांची होती, पहिली ९,५०० रुपयांची. सरांनी अंदाजपत्रकात यूएसबी-सीची धरली होती. नवी आहे, स्वस्त आहे, आणि टॅब्लेटच्या कडेला चुंबकानं चिकटते. दुकानात कुणी आक्षेप घेतला नव्हता.

पण त्या पेन्सिलीला दाब कळत नाही. तिरकेपणा कळतो, दाब नाही. हात जोरात दाबला किंवा हलका ठेवला तरी रेघ तीच. चित्रकलेच्या वर्गासाठी ही लहान गोष्ट नाही. छाया भरणं, शाईची जाडबारीक रेघ, केसांच्या टोकाला निमुळता होत जाणारा फटकारा, हे सगळं दाबावर उभं आहे. मुलं कागदावर दोन वर्षं जे शिकतात तेच इथे पुसलं गेलं असतं. त्या वेळी पुण्यात ॲपलचं स्वतःचं दालन नव्हतं, कोरेगाव पार्कमधलं ४ सप्टेंबर २०२५ला उघडलं. पण अधिकृत विक्रेत्यांकडे हातात घेऊन पाहता येत होतं. ताईंना मी तसं करायला लावलं. त्यांनी दोन्ही पेन्सिलींनी "श्री" काढला. यूएसबी-सीच्या पेन्सिलीनं काढलेला पाहून त्या म्हणाल्या, "यात हात नाही." त्यानंतर तो पर्याय चर्चेत उरला नाही.

पहिल्या पिढीच्या पेन्सिलीला दाब कळतो. तिची गैरसोय मात्र मोठी आहे. तिच्या मागच्या टोकाला टोपणाखाली लाइटनिंगचा, म्हणजे ॲपलच्या जुन्या जोडणीचा, पिन आहे आणि आयपॅडला यूएसबी-सी, त्यामुळे मध्ये एक छोटा अडॅप्टर आणि केबल लावून ती जोडावी आणि चार्ज करावी लागते. अडॅप्टर खोक्यातच येतो. आठ-दहा मुलांच्या वर्गात टोपणं आणि अडॅप्टर हरवणार हे उघड होतं.

सुलेखनाचा भाग आणखी रंजक. बोरूची कात तिरकी असते, आणि अक्षराची जाडी हातातल्या दाबावर कमी, कातेच्या कोनावर जास्त ठरते. वळणावर ताई बोरू बोटांत किंचित फिरवतात. ही फिरक ओळखणारी ॲपलची पेन्सिल एकच आहे, पेन्सिल प्रो. तिच्यात फिरणं ओळखणारा जायरोस्कोप असल्यानं पेन्सिल स्वतःभोवती फिरवली की ब्रशचं टोकही फिरतं. ही पेन्सिल नव्या एअर, प्रो आणि मिनीवर चालते, साध्या आयपॅडवर नाही. म्हणजे बोरू शिकवणाऱ्या शिक्षिकेसाठी साधा आणि महाग टॅब्लेट यांतला सगळ्यात मोठा फरक या फिरकीत होता. या फरकाबद्दल एकही अफवा आमच्यापर्यंत आली नव्हती. माझ्या मते या प्रकरणातला हाच सगळ्यात महत्त्वाचा तपशील.

पडद्याचंही असंच. साध्या आयपॅडमध्ये काच आणि पडदा यांच्यात बारीक पोकळी असते, त्यामुळे पेन्सिलीचं टोक आणि उमटणारी रेघ यांत किंचित अंतर जाणवतं. एअर आणि मिनीमध्ये दोन्ही एकत्र जोडलेले असतात. मुलांना याची सवय दोन तासांत होते असा माझा अनुभव आहे. शिवाय एअरच्या पडद्याची रंगव्याप्ती मोठी आहे. दिवाळी अंकांसाठी चित्रं करणाऱ्याला ती मोहक वाटेल, पण छपाईच्या चार शाईंत ते जास्तीचे रंग बहुतांशी तसेही उतरत नाहीत.

हिशोब आणि निर्णय

दहा मिनी आणि दहा पेन्सिल प्रो म्हणजे ४९,९०० आणि ११,९०० धरून ६,१८,०००. दहा एअर, ५९,९०० प्रमाणे, पेन्सिलींसह ७,१८,०००. दोन्ही कर्जाबाहेर. शिवाय मिनीचा पडदा ८.३ इंचांचा, ज्या वयाच्या मुलांना आपण खांद्यापासून हात फिरवायला शिकवतो त्यांच्यासाठी फार लहान. मिनीचा विचार केवळ चिपच्या नावामुळे सुरू झाला होता, आणि हा हिशोब मांडताच संपला.

अँड्रॉइडचा पर्याय मी मांडला होता आणि माझ्या मते तो फार लवकर बाजूला पडला. सॅमसंगच्या टॅब एस९ एफई या टॅब्लेटबरोबर एस पेन ही त्याची लेखणी खोक्यातच येते. तिला दाब कळतो आणि रेघ उमटवायला तिला चार्जिंग लागत नाही. बाजारात येताना या टॅब्लेटची किंमत ३६,९९९ रुपये होती, म्हणजे वेगळी पेन्सिल नको धरली तर दहा नगांचे ३,६९,९९०. हा पर्याय स्वस्त होता आणि वर्गातल्या गोंधळाला सोयीचाही. सरांचा आक्षेप एकच, की प्रोक्रिएट आणि ॲनिमेशनचं प्रोक्रिएट ड्रीम्स अँड्रॉइडवर नाहीत, आणि त्यांच्या सगळ्या टिपणांची, ब्रशसंचांची मांडणी त्यावरच झाली आहे. आक्षेप खरा आहे. क्लिप स्टुडिओ किंवा क्रिटा या दुसऱ्या चित्रकला-ॲपवर अभ्यासक्रम नव्यानं बांधायला त्यांना एक उन्हाळा लागला असता. नव्यानं सुरुवात करणाऱ्या कुणालाही मी आजही आधी हा पर्याय पाहायला सांगेन.

शेवटी ठरलं ते असं. तुकडी दहाऐवजी आठ मुलांची. आठ आयपॅड ए१६ आणि आठ पहिल्या पिढीच्या पेन्सिली, प्रत्येकी ४४,४०० प्रमाणे ३,५५,२००. ताईंसाठी एक एम३ एअर आणि पेन्सिल प्रो, ७१,८००. एकूण ४,२७,०००. उरलेल्या तेवीस हजारांत कव्हरं, पडद्यावरची काच आणि एकत्र चार्ज करण्याची सोय. खरेदी गुढीपाडव्याला, ३० मार्चला झाली. फीचा हिशोब दोन मुलांनी कमी झाला, तो त्यांनी आठवड्यात एक तुकडी वाढवून भरून काढला.

एअर घेण्यावर सरांचा थोडा विरोध होता. एका टॅब्लेटच्या पैशांत जवळजवळ दोन बसतात, मग एकाच माणसासाठी कशाला? मी त्या बाजूनं आग्रह धरला. मोठ्या पडद्यावर ताईंचा हात दिसतो, मुलं तो पाहून शिकतात. त्या हाताची फिरक उमटत नसेल तर आपण नेमकं काय शिकवणार?

पुढे काय झालं

दोन उन्हाळी तुकड्या झाल्या. चिप हळू पडते अशी तक्रार वर्गात आली नाही. लेअर संपण्याची अडचण मात्र आली. कला महाविद्यालयाच्या प्रवेशाची तयारी करणारी एक मुलगी ए३ कागदाच्या आकारात गणपतीच्या देखाव्याचं पोस्टर करत होती, तिला मधेमधे लेअर एकत्र करत जावं लागलं. नंतर रंग बदलायचा म्हटला तर ते सुटं करता येईना. आठ जीबीची उणीव तिथे खरोखर भासली. सरांनी त्यावर उपाय म्हणून मुलांना आधी कागदावर लेअरचा आराखडा काढायला लावलं, आणि ती शिस्त चांगलीच रुजली.

ॲनिमेशनच्या फायली बाहेर काढताना साध्या आयपॅडच्या यूएसबी-सीचा वेग जुन्या यूएसबी २ इतकाच आहे हे कळलं. केबलऐवजी एअरड्रॉप ही ॲपलची बिनतारी सोय वापरून ते निभावलं. पेन्सिलीची टोपणं अपेक्षेप्रमाणे हरवली. आता ती वर्ग सुरू होतानाच काढून ताईंच्या टेबलावरच्या डबीत जमा होतात.

२०२५च्या उत्तरार्धात पुढच्या साध्या आयपॅडची चर्चा सुरू झाली. यावेळी ए१८ आणि ए१९ अशी दोन नावं फिरत होती. वर्गाला तेव्हा आणखी दोन टॅब्लेट हवे होते, कारण चालू तुकडीत दोन मुलं एकेका टॅब्लेटवर आळीपाळीनं बसत होती. हिंजवडीचा मुलगा दिवाळीत घरी आला होता. त्यानं दोन्ही चिपची माहिती नीट सांगितली. दोन्हींसोबत आठ जीबी असण्याचा संभव, त्यामुळे लेअरची अडचण सुटेल, हेही सांगितलं. ताईंनी विचारलं, "त्याला पेन्सिल कुठली चालेल? दाबाची स्वस्त पेन्सिल येतेय का?" त्याबद्दल त्याच्या वाचनात काही आलं नव्हतं.

मग ताई आणि सरांनी मिळून खरेदीचे दोन भाग केले. आळीपाळीनं बसणाऱ्या मुलांसाठी ए१६चेच दोन टॅब्लेट लगेच घेतले. मोठ्या आकाराची पोस्टरं करणाऱ्या मुलांसाठी जे यंत्र घ्यायचं, त्याची खरेदी पुढच्या उन्हाळी वर्गाच्या तारखेला बांधली. त्या तारखेला बाजारात जे असेल त्यातून निवडायचं, आणि मेमरी व पेन्सिल दुकानात हातात घेऊन तपासल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. ती तपासणी आता त्या मुलाकडे सोपवली आहे.